पोटाचं केळवण

गल्लीच्या तोंडाशी घुंगरं वाजली आणि हर्षदाच्या पोटात ढवळून आलं.

घुंगरं म्हणजे रणजितची स्कूटर. विजेच्या गाड्या चोरपावलांनी येतात आणि म्हातारीकोतारी माणसं त्यांच्याखाली सापडतात, म्हणून सरकारनं प्रत्येक गाडीला आवाज सक्तीचा केला होता. कुणी कोकिळा लावली, कुणी शंख. रणजितनं बैलगाडीची घुंगरं लावली. मिरजेच्या त्या गल्लीत संध्याकाळी घुंगरं वाजली की रणजितराव सरनोबत ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान बंद करून घरी आले, हे शेंबडं पोरसुद्धा सांगायचं.

हर्षदानं मांडीवरचा टॅब बाजूला ठेवला आणि बेसिन गाठलं. ओकारी कोरडीच निघाली. पडायला पोटात होतं काय? साडेसहाला खाल्लेला चार चमचे दहीभात कधीच जिरला होता. तोंडावर पाणी मारून ती वळली तर रणजित दारात उभा, हातात सीताफळांची पिशवी.

"आजपण?"

"पित्त झालंय. होईल बरं."

"मी गॅलरीत बसू का जरा वेळ?"

आणि तो खरंच गॅलरीत जाऊन बसला. चपलासुद्धा न काढता. लग्नाचा नवरा पाहुण्यासारखी परवानगी मागतो, आणि तो बाहेर गेला की आपल्याला बरं वाटतं, याची हर्षदाला मनस्वी लाज वाटायची. पण ती रडायची नाही. रडायलासुद्धा अंगात त्राण लागतं, आणि ऑपरेशन झाल्यापासून ते कुठंतरी हरवलंच होतं.

ऑपरेशन काही हौसेनं केलं नव्हतं. ती ज्युनियर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची, तीही गेली काही वर्षं खुर्चीत बसून, कारण गुडघे उभं राहू देत नव्हते. नाकाला मशीन लावल्याशिवाय झोप नव्हती. साखर कुठल्याच औषधाला जुमानत नव्हती. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या आतल्या पडद्यावरचे रक्ताचे ठिपके दाखवले, तेव्हा मात्र ती हादरली. तिच्या वडिलांचे डोळे साखरेनंच गेले होते. शेवटी शेवटी ते तिला पावलांच्या आवाजावरून ओळखायचे आणि कधी कधी चुकायचे.

पोट लहान करायच्या शस्त्रक्रिया काही नव्या नाहीत. जठराचा मोठा भाग कापायचा, केळ्याएवढी नळी ठेवायची. माणसाचं थोडक्यात भागतं, भूक लावणारं रसायनही कमी सुटतं. पण पोट कापलं म्हणून सवय कापली जात नाही. सुंभ जळला तरी पीळ राहतो म्हणतात, तसंच. काही वर्षांत कित्येकांचं वजन पुन्हा चढायचं. त्यावर तोडगा म्हणून 'संयम' नावाची चिप निघाली. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. पोटाकडून मेंदूकडं निरोप नेणारी व्हेगस नावाची जी नस असते, तिला ती चिकटवायची.

तिची करामत अशी. आपलं शरीर पहिल्या घासाची वाट बघत बसत नाही. ताटं वाजली, फोडणीचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं, जठर हलायला लागतं, स्वादुपिंड कामाला लागतं. या तयारीची एक लाट व्हेगसमधून जाते. लाट किती उंच आहे, त्यावरून माणूस आता किती खाणार ते सांगता येतं. चिप ही लाट ओळखते आणि माणसानं घास उचलायच्या आत मेंदूला उलटा निरोप धाडते की पोट भरलंय. लाट फारच मोठी असली तर निरोपही जोराचा जातो, मग मळमळतं. मात्र प्रत्येकाची लाट निराळी. म्हणून चिप आधी बसवतात आणि ऑपरेशनपूर्वीचे तीन आठवडे तिला नुसतं बघू देतात, शिकू देतात.

"या दिवसांत अगदी रोजच्यासारखं राहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "वेगळं काही करू नका."

आता असं सांगितल्यावर आपली माणसं ऐकतात होय?

सुरुवात नणंदेनं केली. "वहिनी आता पुढं काय खाणार बिचारी! लग्नाआधी करतात तसं केळवण करूया तिचं." झालं! एकीनं केलं म्हटल्यावर दुसरी कशी मागं राहील? चुलत सासू, मावसजाऊ, रणजितचे दुकानातले भागीदार, कॉलेजातल्या मैत्रिणी, सगळ्यांनी दिवस लावले. ताटाभोवती रांगोळी, औक्षण, पुरणपोळ्या, कटाची आमटी, बासुंदी, मटण. निघताना ओटीत ब्लाउजपीस आणि वर चेष्टा, "आत्ता शिवू नकोस हं, मापं बदलायची आहेत!" केळवणाला एकटं जायची रीत नाही, तेव्हा जायचं ते जोडीनं. हर्षदाचं कॉलेज सकाळचं, रणजित उठायच्या आत ती बाहेर पडलेली असायची. संध्याकाळी घुंगरं वाजली की ती तयारच, आणि तशीच त्याच्या मागं बसून जेवायला. पंगतीत तो तिच्या शेजारी बसायचा आणि आपल्या ताटातली वाटी तिच्याकडं सरकवायचा. "घे की गं. एवढंसं. परत कुठं खाणार आहेस?"

रणजितला गोड बोलणं कधी जमलंच नाही. त्याला वाढता यायचं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी सहाव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं, तेव्हा सगळे तिची समजूत घालत होते. हा मात्र बोलला नाही. रोज तुपातला शिरा करायचा आणि तिच्या उशाशी बसून चमच्याचमच्यानं भरवायचा. ती नको म्हणायची आणि खायची. वजन तिथूनच चढायला लागलं. हे दोघांना ठाऊक होतं, पण दोघांनीही तोंडातून काढलं नव्हतं.

ऑपरेशन छान झालं. म्हणजे सगळे तसं म्हणायचे. पहिले काही दिवस नुसतं पाणी, मग गाळलेलं वरण, मग खडूसारख्या चवीची प्रोटीनची पावडर. घास बत्तीस वेळा चावायचा, जेवताना पाणी नाही, गोळ्यांची पाकिटंच्या पाकिटं. केस मूठमूठ गळायचे. दंडाची कातडी लोंबायला लागली. थंडी अशी वाजायची की भर दुपारी वर्गात शाल. वजनकाटा मात्र खूश होता, आणि साखरही वठणीवर आली होती. ती जिना एका दमात चढली तेव्हा स्टाफरूममध्ये टाळ्या पडल्या. "काय मॅडम, ओळखू येईना तुम्ही!" असं जो तो म्हणायचा. तीही हसायची आणि घरी येऊन आडवी व्हायची.

मळमळीचं कोडं मात्र तिला सुटत नव्हतं. कॉलेजात काही त्रास नाही. शेजारच्या शेवाळे सरांनी नाकासमोर वडापाव खाल्ला तरी काही नाही. पण रणजित आला की झालं सुरू. त्यातही तो दमून, चिडून, कपाळाला आठ्या घालून आला तर थोडं कमी. तो हसत आला, काही गमतीचं सांगायला लागला की जास्त. एका रविवारी तो तिच्या विरळ झालेल्या केसांना तेल लावत होता. किती दिवसांनी बरं वाटलं म्हणून तिनं डोळे मिटून त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं, आणि पुढच्या क्षणी ती तोंड दाबून मोरीकडं पळाली. परत आली तेव्हा तो तेलाचे हात तसेच धरून बसला होता.

"हर्षदा, एक विचारू? मनात दुसरं काही असलं तर सांगून टाक. मी राग धरणार नाही."

"काय बोलताय हे!"

"मग माझ्याच वाऱ्यानं का होतंय तुला?"

खरं सांगायचं तर तिलाही तेच वाटायला लागलं होतं. चरबीबरोबर मायाही वितळून गेली असेल आपली. असतील अशा बायका, आपण त्यातल्याच निघालो. त्या दिवसानंतर तो गॅलरीत बसायला लागला.

पाच महिन्यांच्या तपासणीला दोघं दवाखान्यात गेले. रणजित आपणहूनच लांब, बोळाच्या पार टोकाच्या बाकावर बसला. आत तीच डॉक्टरीण, अथणीकर, तरुण आणि तोंडानं गाडी पळवणारी, पडद्यावर आलेख दाखवत होती.

"एकदम मस्त रिझल्ट! साखर बघा, वजन बघा. फक्त हे एक मला कळेना. रोज आठच्या आसपास तुम्ही काही खाता का?"

"नाही. माझं साडेसहालाच होतं."

"मग ही लाट कशाची? रोज उठतेय बघा. रविवारी तर दिवसभर. एवढी मोठी लाट म्हणजे समोर मेजवानीच पाहिजे."

हर्षदा पडद्याकडं बघत राहिली. एकेक संध्याकाळ, एकेक डोंगर.

"आठला माझे मिस्टर घरी येतात," ती म्हणाली.

डॉक्टर हसली आणि मग एकदम हसायची थांबली. "शिकायच्या तीन आठवड्यांत तुम्ही रोजच्यासारखंच राहिला होता ना?"

"केळवणं झाली."

"कुणाची?"

"माझी. ऑपरेशनची."

आता पुढचं सांगायला डॉक्टरची गरज नव्हती. हर्षदा हेच तर वर्षानुवर्षं शिकवत आली होती. दोन गोष्टी कायम जोडीनंच येत असतील तर त्यातली कुठली कशामुळे, हे जगातलं कुठलंही गणित सांगू शकत नाही. वेगळं काढायचं तर कधी ही एकटी दिसली पाहिजे, कधी ती. तीन आठवडे चिपेनं बघितलं ते एवढंच. घुंगरं वाजली, बाईचा जीव सुपाएवढा झाला, आणि मग बाई पोट फुटेस्तोवर जेवली. त्या लाटेत भूक किती आणि रणजित किती, हे बिचाऱ्या चिपेला कसं कळावं? तिनं दोन्ही मिळून एकच धडा पाठ केला. आता लाट उठली रे उठली की ती हाणून पाडत होती.

म्हणजे वीट आलेलाच नव्हता. रोज संध्याकाळी आपल्याला आनंद होत होता, मोजता येईल एवढा, आणि तो मनापर्यंत पोचायच्या आत त्याची ओकारी होत होती. हर्षदाला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना.

"घाबरू नका हो," डॉक्टर म्हणाली. "हे बघा, लाटेची उंची दर महिन्याला कमी होतेय. त्रास होतोय म्हणून शरीरच शिकतंय. आणखी काही महिन्यांत ती उठणारच नाही. मग मळमळपण नाही. आपोआप बरं होईल."

हर्षदानं आलेखावरून बोट फिरवलं. पहिल्या महिन्यातले डोंगर, नंतरच्या टेकड्या, गेल्या आठवड्यातले नुसते उंचवटे. पुढची रेघ तिला न काढताच दिसली.

"म्हणजे त्यांना बघून मला काहीच वाटणार नाही."

"मळमळ वाटणार नाही."

"काहीच वाटणार नाही, डॉक्टर."

डॉक्टरनं खुर्ची पडद्याकडून तिच्याकडं वळवली. मग हळू आवाजात म्हणाली, "चिपेला नव्यानं शिकवता येत नाही. एकदा शिकली की शिकली. अंदाज बांधायचं तिचं काम मी बंद करू शकते, पण मी तसा सल्ला देणार नाही. लहान केलेलं पोट तेवढं राहील. भूक मात्र परत येईल, आणि आतून बास म्हणणारं कुणी नसेल. वजन चढलं की साखर चढणार. तुमच्या डोळ्यांचं मी वेगळं सांगायला नको."

हर्षदा बाहेर आली आणि बोळ ओलांडून थेट रणजितच्या शेजारी जाऊन बसली. तो गडबडून उठायला लागला, तर तिनं त्याची बाही धरून खाली ओढलं. पोटातून उमळून येत होतं. आवंढे गिळत, मध्येच तोंडावर पदर धरत, तिनं त्याला सगळं सांगितलं.

तो तिच्याकडं वळला.

"म्हणजे मी आलो की तुला... बरं वाटत होतं?"

"रोज. आत पडद्यावर आहे. बघून या."

"मी आपला समजत होतो, माझा कंटाळा आला तुला."

"मीपण तेच समजत होते."

रणजितनं रुमाल काढून तोंड पुसलं. नाक शिंकरलं. मग म्हणाला, "बंद नको करूस. डोळे महत्त्वाचे. मला बघून तुला काही वाटलं नाही तरी चालेल गं, पण तुला बघता आलं पाहिजे."

इतक्या वर्षांत हा माणूस एवढं बोलला नव्हता. आणि हर्षदाला त्याचा भयंकर राग आला.

"तुम्हाला चालेल हो! मला नाही चालणार. गॅलरीतल्या माणसाला जन्मभर बघत बसायला मी डोळे राखू होय?"

ती उठली आणि पुन्हा आत गेली. टेबलापलीकडं बसून म्हणाली, "बंद करा."

त्या संध्याकाळी घुंगरं वाजली. हर्षदा सवयीनं बेसिनशी जाऊन उभी राहिली. पोटात काही हललं नाही. त्याच्या वर मात्र, छातीत, काहीतरी असं उसळलं की तिला नळ धरून उभं राहावं लागलं. रणजित आत आला, चपला काढल्या, आणि ती त्याच्या शर्टात तोंड खुपसून ओक्साबोक्शी रडली. तेवढा एक दिवस सुखाचा गेला.

मग भूक आली. ती पाहुणी म्हणून आली नाही, घरजावयासारखी ठाण मांडून बसली. वर्गात, बसमध्ये, आंघोळ करताना, सतत. पाच महिने जिच्यावाचून गेले ती जुनी भूक सगळं व्याज वसूल करायला बसली होती. पोट चार चमच्यांत भरायचं आणि मन ताटभर मागायचं. हर्षदा दिवसभर स्वतःशीच भांडून दमायची.

रविवारी रणजितनं शेवयांची खीर केली. चमचाभरच, जिभेला चव म्हणून. तिनं तेवढी खाल्ली आणि म्हणाली, "पुरे." पण आपल्याकडं वाढणाऱ्याला 'पुरे' ऐकू येतं का? 'पुरे' म्हणजे खाणाऱ्याची भीड, ती मोडायची असते. रणजितचा हात आपोआप पुढं झाला. "एवढंसं गं. माझ्यासाठी." आणि तिनं खाल्ली. त्याच्यासाठी, आणि खरं तर स्वतःसाठीही. अशा कापलेल्या पोटातून गोड धाडकन आतड्यात उतरतं. थोड्याच वेळात छाती धडधडायला लागली, घामानं अंग भिजलं, डोळ्यांपुढं अंधारी आली. ती स्वयंपाकघरात फरशीवरच आडवी झाली. रणजित शेजारी बसून पंख्यासारखं ताट हलवत राहिला, पांढराफटक पडून.

"सुरू कर ते यंत्र परत," तो म्हणाला. "मीच वाईट आहे तुझ्या तब्येतीला."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं वाढणंच सोडलं. स्वयंपाक करायचा, ओट्यावर झाकून ठेवायचा आणि गॅलरीत जाऊन बसायचा. हर्षदा एकटीच वाटी घेऊन टेबलाशी. आगीतून निघून फुफाट्यात, अशी ही तऱ्हा! आठवडाभर तिनं सोसलं. मग एका संध्याकाळी त्याला आत बोलावलं.

"बसा इथं. आणि वाढा."

"नको बाई. माझ्या हाताला वळण नाही."

"मग लावा. मी पुरे म्हणेन. एकदाच म्हणेन."

"आणि मी नाही थांबलो तर?"

"तर माझे डोळे जातील," हर्षदा म्हणाली. आवाज चढवला नाही, आणि रडलीही नाही. फार दमली होती ती.

रणजित समोर बसला. आमटीच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. गोडा मसाला, आमसूल, वर कोथिंबीर. वासानंच तिचा जीव कासावीस झाला. त्यानं वाटीत पळीभर आमटी घातली, मऊ भाताचा लहानसा गोळा ठेवला. ती चावून चावून खात राहिली. तो बघत राहिला. वाटी संपली. पोट भरलं होतं, हे तिला कळत होतं. भूक मात्र आतून ओरडत होती, आणखी घे, आणखी घे, तो वाढतोय तोवर घे. समोर पळी भरून त्याचा हात वर आला होता.

"पुरे."

हात हवेत थांबला. पळीतून थेंब टेबलावर पडले. त्याचे ओठ हलले. ते जुने शब्द अगदी दातांपर्यंत आले होते, तिला दिसत होतं. मग त्यानं पळी परत पातेल्यात सोडली आणि वर झाकण ठेवलं.

आता खरं तर हर्षदाला हायसं वाटायला हवं होतं. पण झालं उलटंच. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा कुणी तिला आग्रह केला नव्हता. तिच्या एका शब्दावर जेवण संपलं होतं आणि आपण एकदम पोरक्या झालो असं तिला वाटलं.

"लगेच थांबलात होय?" ती म्हणाली आणि तिचा बांध फुटला.

"अगं, तूच म्हणालीस की!" रणजितचेही डोळे भरून आले होते.

"हो. मीच म्हणाले."

उद्या परत म्हणावं लागणार होतं. परवा परत. जन्मभर, रोज, भूक असताना. तेवढं बळ आपल्यात आहे का, हे तिला माहीत नव्हतं. त्याच्यात आहे का, हेही नव्हतं माहीत. तिनं रिकामी वाटी बाजूला सारली. पळी सोडलेला त्याचा हात टेबलावर तसाच पडून होता. या हाताचं आता काय करायचं, हे त्याला कळत नव्हतं. हर्षदानं तो उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला.